हरणांचा फीडर: पैसे मक्यावर घाला, वासाच्या बाटलीवर नको

टेक्सासमध्ये ऑस्टिन किंवा सॅन अँटोनियोच्या आसपास घर किंवा चार-दहा एकर जमीन घेतलेली मराठी कुटुंबं आता बरीच आहेत. पहिल्याच हिवाळ्यात त्यांच्याकडे एक विषय हमखास निघतो. हरणं कुंपणापर्यंत येतात आणि निघून जातात, ती थोडा वेळ थांबावीत म्हणून काय ठेवावं? कुणाला फक्त पाहायची असतात, कुणाला फोटो काढायचे असतात, कुणी शिकारीचा परवाना काढलेला असतो. हेतू काहीही असो, खाद्याच्या दुकानात गेलं की समोर तेच दिसतं. एका बाजूला मक्याची पोती, दुसऱ्या बाजूला सफरचंद, ओकफळ, शेंगदाणा अशा वासांची रंगीत पाकिटं आणि हरणीच्या मुताच्या छोट्या बाटल्या. दुकानदाराला नफा कुठे सुटतो आणि हरीण कशाने येतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा लेख दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे.

दर दुकानागणिक आणि हंगामागणिक बदलतात. इथले आकडे ढोबळ आहेत, पण कुठला खर्च मोठा आणि कुठला किरकोळ हे त्यांवरून नीट कळतं.

आधी कायदा, मग पोतं

अमेरिकेत याबाबत एक नियम नाही. टेक्सासमध्ये खासगी जमिनीवर हरणांना खाद्य घालणं कायदेशीर आहे आणि त्या खाद्यावर आलेल्या हरणाची हंगामात शिकारही करता येते. पण काही शहरांनी आणि घरमालक संघटनांनी आपल्या हद्दीत खाद्य घालायला बंदी केली आहे, त्यामुळे शहराचा नियम वेगळा पाहावा लागतो. कोलोरॅडो, इलिनॉय, न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया या राज्यांत हरणांना खाऊ घालणंच बेकायदा आहे. मिशिगनने 2019 मध्ये आपल्या संपूर्ण दक्षिण द्वीपकल्पात बंदी आणली. विस्कॉन्सिनमध्ये ती काउंटीनुसार ठरते. म्हणजे डॅलसच्या मित्राने पाठवलेला फीडर, म्हणजे खाद्य टाकणारं यंत्र, डेन्व्हरच्या अंगणात लावलं तर दंड होऊ शकतो.

या बंदीमागचं मोठं कारण म्हणजे क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. या रोगात हरणाचा मेंदू पोखरला जातो, ते खंगत जातं आणि मरतं. औषध नाही, लस नाही. हा रोग 1967 मध्ये कोलोरॅडोतल्या एका संशोधन केंद्रातल्या हरणांत पहिल्यांदा दिसला. टेक्सासमध्ये तो 2012 मध्ये आढळला आणि 2015 मध्ये मेडिना काउंटीतल्या एका हरीण-पैदास केंद्रात पांढऱ्या शेपटीच्या हरणांतही सापडला. रोगाला कारणीभूत असणारं विकृत प्रथिन, म्हणजे प्रायॉन, लाळेतून, मुतातून आणि विष्ठेतून पसरतं आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतं. एका जागी दहा हरणांनी तोंड घातलं की काय होऊ शकतं, हे यावरून लक्षात येईल. तुमच्या काउंटीत हा रोग आढळला असेल तर नियम सवलत देत असला तरी फीडर लावू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

हा लेख महाराष्ट्रात वाचणाऱ्यांसाठी एक वाक्य. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात शिकारीच्या व्याख्येतच आमिष दाखवणं येतं, त्यामुळे चितळ, सांबर किंवा भेकरासाठी शेताच्या बांधावर असलं काही मांडू नका.

मका: स्वस्त, आवडता आणि अपुरा

'डिअर कॉर्न' म्हणून विकला जाणारा अख्खा पिवळा मका 40 किंवा 50 पौंडांच्या पोत्यात येतो. 50 पौंडांचं पोतं, म्हणजे साधारण पावणेतेवीस किलो, 9 ते 13 डॉलरला मिळतं. पौंडाला वीस-पंचवीस सेंट पडतात. हरणाला बोलवायला याहून स्वस्त आणि खात्रीचं दुसरं काही नाही. दाणे टणक असतात, फीडरमधून नीट उडतात, पावसाच्या एका सरीने लगदा होत नाही.

पण मका हा हरणाचा आहार नव्हे. त्यात प्रथिनं जेमतेम आठ-नऊ टक्के, बाकी मुख्यतः पिष्ट. हरीण हे रवंथ करणारं जनावर आहे. झाडपाला, कोवळे शेंडे, रानभाजीसारख्या रुंद पानांच्या वनस्पती आणि ओकफळं यांवर ते जगतं. आपल्याकडे गाईने चुकून गव्हाच्या पोत्यात तोंड घातलं की तिचं पोट फुगतं आणि पशुवैद्याला बोलवावं लागतं, हे गावाकडे प्रत्येकाला माहीत असतं. हरणाचं तसंच आहे. त्याच्या कोटीपोटातल्या जिवाणूंना नव्या खाद्याची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. उत्तरेकडच्या बर्फाळ राज्यांत भुकेल्या हरणापुढे एकदम मक्याचा ढीग ओतला की पोटात आम्ल वाढतं आणि भरल्या पोटी हरीण मरतं. टेक्सासमध्ये बाकी चारा असल्याने धोका कमी असतो, तरी सुरुवात थोड्यावरच करा.

मका घेताना दोन गोष्टी बघा. पहिली, पोतं उघडून मूठभर दाणे हातात घ्या. ते कोरडे, चकचकीत आणि सुटे असावेत. हाताला भुकटी लागली, कणसाचे तुकडे निघाले, कुबट वास आला किंवा दाणे हिरवट-करड्या बुरशीने चिकटलेले दिसले तर पोतं परत करा. कणसाचे तुकडे फीडरची चकती अडकवतात, त्यामुळे चाळून स्वच्छ केलेल्या मक्यासाठी दीड-दोन डॉलर जास्त द्यायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. दमट मक्यावरची अ‍ॅस्परजिलस बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. भुईमुगाच्या निर्यातीमुळे हे नाव आपल्या शेतकऱ्यांच्या कानावर असतंच. माणसांच्या अन्नात अमेरिकी सरकार 20 पीपीबीपर्यंत, म्हणजे अब्जात वीस भागांपर्यंत ते चालवून घेतं. वन्यप्राण्यांसाठीच्या मक्यात प्रमाण याहून जास्त असू शकतं. हरणाला ते थोडंफार सोसतं, पण त्याच दाण्यांवर येणाऱ्या रानटर्की आणि लाव्यांना सोसत नाही. पोत्यावर '20 पीपीबीहून कमी' असं छापलेलं असेल तेच घ्या. घरी आणलेलं पोतं गॅरेजच्या फरशीवर टेकवून ठेवू नका. लाकडी पाटावर किंवा झाकणाच्या पिंपात ठेवा. एक पोतं संपायच्या बेतात आल्यावरच दुसरं आणा.

सरकी, कोंडा, गोळीपेंड

ज्यांना हरीण नुसतं यायला नको, धडधाकटही व्हायला हवं, त्यांच्यासाठी गोळीपेंड. 16 ते 20 टक्के प्रथिनांचं 50 पौंडांचं पोतं साधारण 15 ते 25 डॉलरला पडतं. नराची शिंगं वसंतापासून उन्हाळाअखेरीपर्यंत वाढतात, मादीला याच काळात पाडसाला पाजायचं असतं, त्यामुळे ही पेंड फेब्रुवारी ते सप्टेंबर घालायची असते. खर्चाचा अंदाज घ्या. दिवसाला दहा हरणं येतात आणि प्रत्येक पौंडभर खातं असं धरलं, तर महिन्याला 300 पौंड, म्हणजे सहा पोती लागतात. 18 डॉलरने 108 डॉलर. आठ महिन्यांचे 864. दोन एकरांच्या घरामागे हा खर्च करण्यात काही अर्थ नाही, कारण तुमची पेंड खाऊन हरणं दुसऱ्याच्या रानात राहतात. शंभर-दोनशे एकर असतील तर गोष्ट वेगळी. पेंड भिजली की फुगून नळ्यांत घट्ट बसते, म्हणून तिला झाकणाचा, हरणाने तोंडाने ओढून खायचा फीडर लागतो. मका उडवणारं यंत्र इथे चालत नाही.

सरकीला मात्र मी जास्त गुण देईन. अख्ख्या सरकीत वीस टक्क्यांच्या वर प्रथिनं आणि भरपूर तेल असतं, आणि रानडुकरं व रॅकून तिला तोंड लावत नाहीत. टेक्सासमध्ये खाद्याचा किती भाग या दोघांच्या पोटात जातो हे पाहिलं की हा गुण केवढा मोठा आहे ते कळतं. जाळीचा गोल पिंजरा करून त्यात सरकी भरून ठेवली की पुरतं. बॅटरी नको, घड्याळ नको. मात्र सरकीतलं गॉसिपॉल नरांच्या प्रजननाला त्रासदायक ठरू शकतं. म्हणून उन्हाळ्याचा उकाडा संपून माजाचा हंगाम जवळ येण्याआधी, साधारण सप्टेंबरमध्ये, सरकी बंद करण्याचा रिवाज आहे. हरणांना तिची चव लागायला आठवडे लागतात. पहिल्या दिवसांत मक्याचे दाणे मिसळून द्या.

तांदळाचा कोंडा हा वासाच्या पाकिटांना सरळ पर्याय आहे. 40 पौंडांचं पोतं 12 ते 18 डॉलरला मिळतं आणि त्याचा गोडसर वास खरोखर लांबवर जातो. अडचण एकच, त्यातलं तेल लवकर खवट होतं. मूठ-दोन मुठी मक्यावर टाका, ढीग घालू नका, आणि भिजलेला कोंडा उचलून टाका.

मिठाची किंवा खनिजांची चाटण-वीट हीदेखील स्वस्त गोष्ट आहे. 50 पौंडांची मोठी वीट आठ-बारा डॉलरला येते आणि महिनोन्महिने पुरते. वसंत आणि उन्हाळ्यात कोवळ्या पाल्यात पाणी आणि पोटॅशियम जास्त असतं, तेव्हा हरणं सोडियम शोधत हिंडतात. हिवाळ्यात त्याच विटेकडे ती फारशी बघत नाहीत. म्हणून ऑक्टोबरमध्ये वीट घेऊ नका, मार्चमध्ये घ्या. एकाच विटेला सगळी हरणं जीभ लावतात, त्यामुळे रोगाच्या भागात ती नकोच.

आणि एक कळकळीची विनंती. गोग्रास काढायची आपली सवय चांगली आहे, पण उरलेल्या पोळ्या, भात, शिळा ब्रेड हरणांपुढे टाकू नका. पिठाच्या पदार्थांनी त्यांच्या पोटाचं नुकसान मक्याहून लवकर होतं.

वासाचा धंदा

हरणाचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असतं, हे खरं. ती एकमेकांशी वासानेच बोलतात. मागच्या पायाच्या घोट्याशी, खुरांच्या बेचक्यात, डोळ्यांच्या कोपऱ्यात त्यांना गंधग्रंथी असतात. माजाच्या हंगामात नर जमीन खुरांनी उकरून तिथे मूत्र सोडतो आणि वरच्या फांदीवर तोंड घासतो. विक्रेते याच गोष्टीवर बाटली विकतात: माजावर आलेल्या हरणीचं मूत्र, 30 मिलिलिटरला 10 डॉलरच्या आसपास. लिटरचा हिशेब केला तर 330 डॉलरच्या वर जातो.

इतके पैसे देऊन काय मिळतं? ताज्या मुताचं वैशिष्ट्य बाटलीत फार टिकत नाही. जिवाणू त्यातल्या युरियाचा अमोनिया करतात आणि काही दिवसांनी कुठल्याही मुताला तोच झणका येतो. त्यापेक्षा गंभीर गोष्ट रोगाची. हे मूत्र बंदिस्त हरणांच्या कळपातून गोळा केलेलं असतं आणि प्रायॉन मुतातूनही जातं. व्हर्जिनिया, व्हरमाँट, अलास्का यांसारख्या राज्यांनी नैसर्गिक हरणमूत्र वापरण्यावर बंदी आणली ती याचमुळे. प्रयोग करायचाच असेल तर कृत्रिम गंध घ्या. तोही माजाच्या हंगामातच, म्हणजे मध्य टेक्सासच्या हिल कंट्रीत नोव्हेंबरमध्ये आणि दक्षिण टेक्सासमध्ये डिसेंबरच्या मध्याला. मुळात मुताचा वास हा भुकेचा वास नव्हे. त्याचा फीडरशी संबंध नाही. तो लावायचाच तर नराच्या वाटेवर, फीडरपासून दूर.

खाण्याच्या वासाची पाकिटं निराळी. सफरचंद, ओकफळ, शेंगदाणा, बडीशेप, मळी. पाच पौंडांच्या पाकिटाला 13 डॉलर धरले तर पौंडाला 2 डॉलर 60 सेंट झाले, म्हणजे मक्याच्या बारापट. घटक वाचले की बहुतेकांत मीठ, साखर किंवा मळी, धान्याचा भुगा आणि सुगंध एवढंच असतं. ती कामाची नाहीत असं नाही. नव्या जागी पहिल्या आठवड्यात हरणाला इथे काहीतरी आहे हे कळवायला एखादं पाकीट उपयोगी पडतं. पण तेच काम मूठभर कोंडा आणि थोड्या मळीने होतं आणि खर्च डॉलर-दीड डॉलर येतो. एकदा दाण्यांची चव लागली की वासाची गरज उरत नाही.

ज्या वासाकडे लक्ष द्यायला हवं तो आपला. फीडर दुपारी भरा, हरणं झाडीत बसलेली असतात तेव्हा. हातात रबरी मोजे घाला. फोडणीचा वास लागलेल्या कपड्यांनी किंवा अत्तर लावून जाऊ नका. सुगंधी साबणाने फीडर धुऊ नका, नुसतं पाणी पुरे. हे सगळं फुकट आहे आणि कुठल्याही बाटलीपेक्षा याचा परिणाम जास्त.

यंत्र आणि नेम

टांगता मोटरचा छोटा फीडर 60 ते 100 डॉलरला, 200 पौंड मावणारा तिपाईचा 150 ते 300 डॉलरला. बॅटरी आणि छोटं सौर पॅनल मिळून 40 डॉलर. घड्याळाच्या ठोक्याला मोटर फिरते, चकती दाणे चहूकडे उडवते. दाणे विखुरले गेल्याने हरणं एका ढिगात तोंडाला तोंड लावत नाहीत, हा या फीडरचा मोठा फायदा. ढीग ओतून ठेवण्यापेक्षा हे बरं.

चकती किती सेकंदाला किती टाकते हे पुस्तिकेवर विसंबून ठरवू नका. चकतीभोवती मोठी कचऱ्याची पिशवी बांधा, पाच सेकंद मोटर चालवा आणि पडलेला मका वजनकाट्यावर ठेवा. मग घड्याळ लावा. सकाळी उजाडताना तीन पौंड, संध्याकाळी दिवेलागणीच्या थोडं आधी तीन पौंड, एवढं घरामागच्या फीडरला भरपूर. दिवसाला सहा पौंड, महिन्याला 180. 50 पौंडांची साडेतीन पोती आणि वर थोडा, 11 डॉलरने सुमारे 40 डॉलर. ऑक्टोबर ते जानेवारी चार महिन्यांची पंधरा पोती, 165 डॉलर.

हरणाला बोलवणारी खरी गोष्ट हा नेम आहे. वेळ बदलू नका, मध्ये आठवडाभर फीडर रिकामा ठेवू नका. महिनाभरात ती मोटरचा आवाज ऐकून येऊ लागतात. आणि ज्या वर्षी लाइव्ह ओक, पोस्ट ओकला भरघोस फळ येतं, त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये फीडरकडे कुणी फिरकत नाही. तेव्हा खाद्य बदलू नका, नवं पाकीटही आणू नका. मका कमी करा आणि थांबा. ओकफळं संपली की हरणं परत येतात.

रानडुकरं येत असतील तर मात्र खर्च वाढतो. 34 इंच उंच, 16 फूट लांब लोखंडी जाळीचे आठ तुकडे गोल उभे केले की चाळीस फूट व्यासाचं कुंपण होतं. हरीण ते सहज ओलांडतं, डुकराला जमत नाही. तुकड्याला 35 डॉलर आणि सोळा लोखंडी खांबांना 6-6 डॉलर धरले तर पावणेचारशेच्या घरात जातं. लहान पाडसांना मात्र ही उंची जड जाते, त्यांच्यासाठी थोडे दाणे कुंपणाबाहेर पडू द्या.

एकूण हिशेब असा. तिपाईचा फीडर 200, बॅटरी-पॅनल 40, फोटोंसाठी साधा कॅमेरा 60, चार महिन्यांचा मका 165. पहिल्या वर्षी 465 डॉलर. कुंपण लागलं तर 840. दुसऱ्या वर्षापासून फक्त मका. या यादीत गंधाच्या बाटलीला मी जागा दिलेली नाही.

फीडर रस्त्यापासून जितका लांब तितका चांगला, किमान शंभर-दोनशे यार्ड. हरीण आणि गाडीची टक्कर ही अमेरिकेत रोजची गोष्ट आहे. झाडीच्या कडेला, पण चहूबाजूंनी दिसेल अशी जागा निवडा. सप्टेंबरमध्ये कबुतरांच्या शिकारीला परवानगी असते, तेव्हा लक्षात ठेवा: फीडरने उडवलेला मका स्थलांतरित पक्ष्यांसाठी आमिष धरला जातो. सगळे दाणे साफ केल्यानंतरही पुढचे दहा दिवस तिथे कबुतरावर बंदूक रोखणं हा केंद्रीय गुन्हा आहे.

मोठी जमीन असणाऱ्यांना एक आर्थिक बाजूही आहे. टेक्सासच्या मतदारांनी 1995 मध्ये घटनादुरुस्ती मंजूर केल्यापासून, आधीच शेतीचं मूल्यांकन असलेली जमीन वन्यजीव व्यवस्थापनाखाली दाखवून मालमत्ता कराची तीच सवलत चालू ठेवता येते. त्यासाठी सात ठरावीक कामांपैकी किमान तीन करावी लागतात. पूरक आहार त्यांपैकी एक, पण त्यासाठी प्रथिनांचं खाद्य लागतं. नुसता मका उडवला की काम झालं असं समजून अर्ज भरू नका.

खंगलेलं, लाळ गाळणारं, माणसाला न बिचकणारं हरीण फीडरवर दिसलं तर त्याला हात लावू नका, फीडर लगेच बंद करा आणि टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याच्या तुमच्या भागातल्या जीवशास्त्रज्ञाला फोन करा. पहिलं पोतं घेण्याआधीही त्यांनाच विचारा. खासगी जमीनमालकांसाठी हा सल्ला मोफत असतो.